भरावातला पाइप

थोरल्याने भर सभेत करवत मागितली, तेव्हा धाकटा बागेत संत्र्याच्या फांद्यांना टेकू लावत होता. सभा होती कालव्याच्या मुखाशी, बागेपासून चांगली लांब. पण हल्ली सभा काय आणि भांडण काय, सगळं फोनवर जिथल्या तिथे दिसतं. धाकट्याची बायको फोन हातात धरून धावतच आली. एक चप्पल मागे राहिली होती, आणि बाईला त्याचा पत्ता नव्हता.

"भाऊजींनी काय आरंभलंय बघा जरा," ती म्हणाली आणि तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला.

फोनमध्ये थोरला मंचावर उभा होता. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. समोर पहिल्या रांगेत शेवटच्या गावची मावशी उभी राहून बोलत होती. मावशी म्हणजे कुणा एकाची मावशी नव्हे. कालव्याच्या टोकाला जे शेवटचं गाव आहे तिथे ती सगळ्यांचीच मावशी. "साहेब, भाषण झकास झालं," ती म्हणत होती. "पण पाणी सुटतं तेव्हा कालवा काठोकाठ असतो, आणि आमच्यापर्यंत येतं ते तळाला चिकटून. मधे कोण पितं ते?" लोक हसले. थोरला हसला नाही. त्याच्या कपाळाची शीर तटतटलेली त्या एवढ्याशा काचेतही दिसत होती.

"करवत आणा कोणीतरी," तो म्हणाला. "आज, आत्ता, मी इथून भरावावरून चालत निघतो. थेट शेवटच्या गावापर्यंत. वाटेत जो चोरपाइप सापडेल तो माझ्या हाताने कापीन, मग तो कुणाच्याही बापाचा असो. आणि ज्याचा असेल त्याच्या शेताचं पाणी पुढच्या हंगामापर्यंत बंद."

टाळ्यांनी फोनचा आवाज फाटला. धाकट्याच्या हातातला टेकू गळून पडला. कारण चोरपाइप इथेही होता. याच बागेच्या वरच्या अंगाला, कालव्याच्या भरावाच्या पोटात.

आता हे नीट कळायचं तर थोरला कोण, ते आधी सांगायला हवं. दोघा भावांची मूळ जमीन शेवटच्या गावात, मावशीच्या शेताला लागून. कालव्याचं पाणी ही तिथे नुसती ऐकायची गोष्ट होती. वरचे लोक कालव्याची आपापली दारं उघडून शेतं तुडुंब भरून घ्यायचे, आणि टोकाला यायची ओलसर वाळू. थोरला तेव्हा तरुण. डोकं तापट, तोंड त्याहून. एका वर्षी त्याने टोकाच्या बायाबापड्यांना घेऊन वरच्या दारांवर ठिय्या दिला, मार खाल्ला, दिला, आणि शेवटी कालव्याला नियम लावून घेतला: पाणी आधी शेवटच्या गावाला, मग त्याच्या वरच्याला, असं उलटं चढत चढत सगळ्यात शेवटी मुखाशी. तोवर मधल्यांनी दारं बंद ठेवायची. त्या नियमाने त्याला कालवा समितीवर बसवलं, मग तालुक्याचा सभापती केलं, मग आमदार. विधानसभेत तो पाण्यावर बोलायला उठला की मंत्री सावरून बसत. हा माणूस शेतकरी होता, त्याला आकड्यांनी गुंडाळता येत नसे. आता निवडणूक तोंडावर आली होती, आणि समोरचा उमेदवार गावोगाव एवढंच सांगत फिरत होता: आमदारांचं पाणी वाटेत कुठे मुरतं, ते आमदारांनाच विचारा.

बागेचा हा माळ दोघांनी मिळून घेतलेला. कालव्याच्या मधल्या टप्प्यावर, नुसते दगडगोटे. थोरला राजकारणात गेला, धाकटा माळावर राहिला. त्याने संत्री लावली तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पुढे एक वर्ष असं आलं की विहिरीचा तळ दिसायला लागला आणि पानं वळून काड्या झाली. थोरला अधिवेशनात. धाकट्याने फोन केला, तर तो म्हणाला, "झाडं जगव. कसंही कर." आणि फोन ठेवला.

धाकट्याने कसंही केलं. कालवा कोरडा असताना एक गडी हाताशी घेऊन भराव आडवा चिरला, मांडीएवढा जाड पाइप घातला, वर माती चोपली, गवत लावलं. पाइपचं एक तोंड कालव्यात पाण्याखाली, दुसरं थेट विहिरीच्या पोटात. कालव्याला पाणी आलं की विहीर आपली आपण भरायची. लोक म्हणाले, धाकट्याच्या विहिरीला झरा लागला, नशीब काढलं पठ्ठ्याने. धाकटा म्हणाला, हो ना. थोरल्याने कधी काही विचारलं नाही. आला की बागेत फिरायचा, झाडाखालीच संत्रं सोलून खायचा, फांदीवर थाप मारायचा आणि गाडीत बसायचा. दादाला यातलं काही ठाऊक नाही आणि ठाऊक होऊ द्यायचं नाही, हे धाकट्याने मनाशी पक्कं केलं होतं. दादाने नाव कमवावं, घाण आपण काढावी, अशी त्याची साधी वाटणी होती.

आणि आज तोच दादा करवत घेऊन निघाला होता. सोबत पाटकरी होता, म्हणजे कालव्याची दारं उघडणारा-मिटणारा सरकारी माणूस. त्याच्याजवळ लांब लोखंडी आकडी. पाण्यात आकडी फिरवली की पाइपचं तोंड खटकन लागतं. मागे गावंच्या गावं, आणि सगळ्यांच्या पुढे थोरल्याचा पीए फोन वर धरून, म्हणजे जो आला नाही त्यालाही दिसावं.

"बोळा कोंबा," बायको म्हणाली. "पोत्याचा घट्ट बोळा तोंडात घाला, वर चिखल लिंपा, आणि गप्प बसा."

"आकडीला लागेल."

"लागला तर लागला. बंद पडलेला जुना पाइप आहे म्हणून सांगता येईल."

"विहिरीत कोणी डोकावलं म्हणजे? ओढून काढतो मी तो."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. "पाणी चालू आहे कालव्यात. वाहत्या कालव्यातून पाइप ओढायचा नसतो, हे मी सांगू तुम्हाला?"

तिने सांगायची गरजच नव्हती. कालव्याकाठच्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. पाइप काढला की भरावात पोकळी राहते. वरून कितीही चोपा, आत ती राहतेच, आणि पाण्याला फट लागायचा अवकाश. कालवा कोरडा पडेपर्यंत थांबायचं, मग खणायचं, थर थर माती भरायची. पण आपल्याला जे पक्कं ठाऊक असतं ना, भीतीपुढे त्याची किंमत शून्य. धाकटा तिच्यावर खेकसला, ट्रॅक्टर सुरू केला आणि साखळी आणायला गेला.

तेवढ्यात फोन वाजला. थोरला.

"छोट्या, कुठे आहेस?"

"बागेत, दादा."

"आम्ही निघालोय. लोक बरेच आहेत." मागे घोषणा चालल्या होत्या. "बागेच्या वरच्या अंगाला जरा साफसूफ करून ठेव."

"कसली साफसूफ?"

"अरे, लोक येणार. बरं दिसायला नको?" आणि फोन बंद.

धाकटा फोनकडे बघत राहिला. दादाला बागेच्या साफसफाईची काळजी कधीपासून पडली? पण विचार करायला वेळ कुणाला होता. त्याने विहिरीच्या बाजूने माती उकरली, पाइपला साखळी आवळली आणि ट्रॅक्टर पुढे घेतला. पहिल्यांदा साखळी घसरली. दुसऱ्यांदा पाइप आला. लांबच्या लांब, चिखलाने माखलेला, आतून फसफसत. मागोमाग भोकातून पाण्याचा लोट सुटला. धाकटा धावत भरावावर चढला, कालव्यात उतरला, छातीभर पाण्यात बुडी मारून मातीची पोती भोकात ठासली, पायाने रेटली. बायको बाहेरून घमेल्या घमेल्याने चिखल लोटत होती. तिला पटलेलं नव्हतं, पण हात चालू होते. लोट थांबला. दोघांनी माती चोपली, वर गवताची ढेकळं बसवली, पाइपचे तुकडे करून फांद्यांच्या ढिगाखाली ढकलले. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही कळलं नसतं.

"झालं," धाकटा म्हणाला. त्याला हसू येत होतं. "उगाच घाबरत होतीस."

बायकोचं लक्षच नव्हतं. ती भरावाच्या पायथ्याशी वाकून बघत होती.

पायथ्याशी ओल आली होती. बोटभर धार, नितळ. धाकट्याने मान हलवली; नव्या मातीतून एवढं झिरपायचंच. भराव घाम गाळतो म्हणतात त्याला, त्याचं कुणी मनावर घेत नाही. त्याने एक पोतं आणून वर दाबलं आणि त्यावर उभा राहिला. लांबून आवाज यायला लागले होते. वळणापलीकडे शेजारच्या द्राक्षवाल्याचं शेत. तिथे मिरवणूक थांबली होती. करवतीची खरखर ऐकू आली, मग टाळ्या, मग द्राक्षवाल्याचं रडवेलं बोलणं आणि त्यावर थोरल्याचा चढा आवाज. थोरला कुणाचं ऐकत नव्हता. द्राक्षवाला त्याचा जुना कार्यकर्ता, दर निवडणुकीत स्वतःच्या गाडीला पेट्रोल घालून फिरणारा. त्याचीही गय केली नाही.

"इकडे बघा," बायको म्हणाली.

पोत्याच्या बाजूने दुसरी धार फुटली होती. ती गढूळ होती.

 नितळ पाण्याने काही होत नाही. गढूळ पाणी म्हणजे भरावाची माती पाण्याबरोबर चालली. धाकट्याने दुसरं पोतं टाकलं, तिसरं टाकलं. धार इकडून तिकडे सरकली, तिकडून इकडे, आणि जाड होत गेली. वर पाहिलं तर मघाशी लावलेलं गवत मधोमध वीतभर खचलं होतं.

"हाक मारा लोकांना," बायको म्हणाली.

"थांब जरा."

"कशाला थांबू? हा फुटला तर कालवा सगळा माळावर सांडेल. खाली थेंब जायचा नाही. पाणी सोडायची शेवटची पाळी आहे ही, धरणात उरलंय काय?"

"मला कळत नाही का?" धाकटा ओरडला, आणि लगेच आवाज खाली घेतला. "आत्ता हाक मारली तर दादा संपला. द्राक्षवाल्याचा पाइप कापून तो इथे येणार, आणि इथे काय बघणार? दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, तो फोन चालू असताना? दादा उभा जन्म ज्या एका गोष्टीवर निवडून आला, ती मी बुडवू?"

"आणि मावशीच्या गावाने काय करायचं?"

 धाकट्याने चौथं पोतं उचललं. पोतं ठेवतो न ठेवतो तोच ते आत ओढलं गेलं, जणू खालून कोणी हात घालून खेचावं. मागोमाग वर भरावाचा टोपलीएवढा तुकडा गप्पकन खाली बसला आणि कालव्याचं पाणी त्या खड्ड्यात डोकावलं. त्या क्षणी धाकट्याला कळलं की आपल्या हातात दोन गोष्टी होत्या आणि त्यातली एकच वाचणार आहे. तो भरावावर चढला आणि डोक्याचा टॉवेल काढून हलवत वळणाच्या दिशेने पळत सुटला.

"भराव फुटतोय," तो ओरडत होता. "पोती आणा. फावडी आणा. भराव फुटतोय."

लोक आधी नुसते आ वासून बघत राहिले. थोरला नाही राहिला. हातातली करवत टाकून तो पळत निघाला. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, पण सगळ्यांच्या पुढे पोचला. खचलेला भराव एकदा पाहिला आणि बुटांसकट कालव्यात उडी घेतली.

"आतलं तोंड कुठे आहे?" त्याने विचारलं.

"इथे. खचलंय त्याच्या डाव्या अंगाला."

सांगून झाल्यावर धाकटा चपापला. पाइपचं नाव अजून कुणीच काढलं नव्हतं. पण थोरला तेव्हा आमदार राहिलाच नव्हता. "ताडपत्री आण. फळं झाकायची, मोठी. पाटकरी, वरच्या दाराला फोन लावा, पाणी निम्म्यावर आणायला सांगा. बाकीचे रांग धरा, पोती हातोहात येऊ द्या. भरावावर गर्दी करू नका रे, तुमच्या वजनानेच बसेल तो." बायकोने ताडपत्री आणली. दोघा भावांनी ती पाण्यात पसरून आतल्या बाजूने भोकावर धरली. पाण्याच्याच जोराने ती फाडकन चिकटली. मग तिच्यावर पोती. थोरला पाठ लावून उभा, छातीशी पाणी. धाकटा त्याच्या खांद्याला खांदा लावून. वरून द्राक्षवाला पोती देत होता. हो, तोच, ज्याचा पाइप नुकताच कापला होता. बाहेर बायको आणि मावशी शेजारी शेजारी उभ्या राहून चिखल चोपत होत्या.

कितीतरी वेळाने बायकोने हाक दिली की धार थांबली. कोणी जल्लोष केला नाही. सगळे धापा टाकत जिथे होते तिथे बसले. कालवा वाहत होता, खालच्या अंगाला, जसा वाहायला हवा तसा. धाकट्याच्या जिवात जीव आला, पण तो घटकाभरच टिकला.

पाटकरी विहिरीत वाकून तिथलं भोक न्याहाळत होता. "हे काही घुशीचं बीळ नाही," तो म्हणाला. साधा माणूस, पोटात एक आणि ओठात एक असं त्याला जमत नसे. "गोल आहे. इथे पाइप होता. आजच काढलाय कोणीतरी." आणि मग, जणू त्याला माहीतच नव्हतं आपण कुणाच्या शेतात उभे आहोत, "कोणाचा होता?"

पीएने फोन हळूच खाली घेतला. पण तोवर आणखी दहा जणांचे फोन वर आले होते. थोरला कालव्यातून बाहेर येऊन उभा होता, कपड्यांतून पाणी निथळत होतं. तो कुणाकडेच बघत नव्हता.

"माझा," धाकटा म्हणाला. "मी घातला आणि मीच काढला. दादाला यातलं काही ठाऊक नाही."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. आता दादा काय म्हणेल याची तो वाट बघू लागला. खरं सांगायचं तर त्याला फारसं काही नको होतं. दादाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं असतं तरी चाललं असतं.

थोरल्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. खाकरला. आणि त्याचा सभेतला आवाज परत आला.

"ऐकलंत सगळ्यांनी," तो म्हणाला. "माझा सख्खा भाऊ आहे. मला वाईट वाटतंय, पण नियम म्हणजे नियम. मघाशी द्राक्षवाल्याला जे लागू झालं तेच माझ्या घरालाही लागू. पाटकरी, याचं नाव लिहून घ्या. या बागेचं पाणी पुढच्या हंगामापर्यंत बंद."

पीएने पटकन टाळी वाजवली. मागून चार-दोन जणांनी वाजवली. झाडं फळांनी वाकलेली होती, पाण्याशिवाय फार काळ काढणार नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. धाकट्याला हेच हवं होतं ना? दादा सुटला होता. तरी त्याला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की तो खाली बसला आणि पायाचा चिखल काढायला लागला, म्हणजे कुणाला तोंड दिसू नये.

मावशीने टाळी वाजवली नव्हती. ती चिखलाच्या हातांनीच बागेकडे तोंड करून उभी होती. त्या वर्षी कालव्याच्या दोन्ही अंगांना जे दिसत होतं ते सगळं पिवळं, नाहीतर करपलेलं. आणि समोर ही बाग: गर्द, चकाकती, फांद्यांना टेकू द्यावे लागत होते इतकी लगडलेली. तिने सावकाश डावीकडून उजवीकडे पाहिलं.

"साहेब," ती म्हणाली, "ही बाग यापूर्वी पाहिली असेल ना तुम्ही?"

"म्हणजे काय मावशी, घरचीच आहे."

"वर्षाला किती फेऱ्या होतात इथे?"

"होतात. का?"

"नाही, विचारलं. या दगडगोट्यांच्या माळाला पाणी लागतं किती, आणि ह्या एवढ्याशा विहिरीत असतं किती, ते दिसलं नाही कधी?"

"विहिरीला झरा लागला होता, असं हा मला..." थोरल्याने वाक्य अर्धंच ठेवलं.

मावशी त्याच्याजवळ गेली. आवाज चढवला नाही तिने, उलट उतरवला. पण सगळ्यांनी श्वास रोखल्यामुळे तो शेवटच्या माणसापर्यंत गेला. "तुझ्या बापाचा आणि माझा बांध एक होता. तू त्या बांधावर मोठा झालास. एवढं सांग मला. बाग बघून तुला खरंच कळलं नाही, तर तू शेतकरी कसला? आणि कळलं होतं, तर आत्ता ह्याचं एकट्याचं नाव कशाला लिहायला लावतोस?"

थोरल्याला बोलता येत नाही असा विषय नव्हता. विरोधकांनी घेरलं, पत्रकारांनी घेरलं, तरी त्याच्या तोंडून शब्द पडले नाहीत असं कधी झालं नव्हतं. आता तो उभा होता आणि त्याचे ओठ नुसते हलत होते. पीए पुढे सरसावला, "साहेबांना जरा बसू द्या, कपडे ओले आहेत..." थोरल्याने हाताने त्याला बाजूला केलं.

"कळलं होतं," तो म्हणाला.

 कोणी शिवी दिली नाही, कोणी काही फेकलं नाही. दिली असती तर बरं झालं असतं. द्राक्षवाला उठला, गुडघे झटकले आणि थोरल्याकडे न बघता पुढे चालायला लागला. पाटकऱ्याने जवळचा कागद काढला, थोडा घुटमळला, आणि दोन नावं लिहिली. मावशीने कालव्यात हात धुतले.

"चला," ती बाकीच्यांना म्हणाली. "अजून निम्मा कालवा राहिलाय. पाणी आपल्या आधी पोचायला हवं."

माणसं निघाली. पीए थोडा वेळ थांबला, मग गाडी आणतो म्हणून जो गेला तो गेलाच. बायको मागे राहिलेली चप्पल शोधायला बागेत गेली, का दोघांना एकटं सोडायला गेली, कुणास ठाऊक. भरावावर दोघे भाऊ उरले.

धाकट्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. इतकी वर्षं. कालव्याला पाणी सुटलं की त्याची झोप उडायची. पाटकऱ्याची सायकल दिसली की तो हातातलं काम टाकून आत जायचा. बायकोच्या माहेरच्या माणसांना त्याने बागेत फिरू दिलं नव्हतं, पोरांना विहिरीत पोहू दिलं नव्हतं. हे सगळं दादाला कळू नये म्हणून. आणि दादा झाडाखाली उभा राहून संत्रं खात होता, त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"विचारलं का नाहीस मग?" तो म्हणाला. "एकदा तरी?"

थोरला पाण्याकडे तोंड करून भरावावर बसला.

"विचारलं असतं तर बंद करावं लागलं असतं," तो म्हणाला.

धाकट्याच्या हातात फावडं होतं. त्याला इतका राग आला की ते त्याने जमिनीत रोवलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. दादावर हात उगारावा असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली. लहानपणापासून दादाने सांगायचं आणि याने करायचं, असंच चालत आलं होतं. गुरं सोड, दार अडव, पोस्टर लाव, झाडं जगव.

भराव अजून कच्चा होता. चिकटलेली ताडपत्री आणि ओली पोती एवढंच काय ते मधे होतं. पाणी खालच्या गावापर्यंत जाऊन पाळी संपेपर्यंत त्यावर माती चढवत राहावी लागणार होती. धाकट्याने आजूबाजूला पाहिलं. उपडं पडलेलं एक घमेलं उचललं आणि थोरल्यापुढे धरलं.

"माती आण," तो म्हणाला.

थोरल्याने वर पाहिलं.  मग तो गुडघ्यांवर हात टेकवून उठला, भावाच्या हातातून घमेलं घेतलं आणि माती आणायला खाली उतरला.